गोल टाकी, पिंप, विहीर: कशात किती मावतं हे मोजून ठरवण्याची रीत

टाकी घ्यायची असो, विहिरीचा घेर ठरवायचा असो की टँकरचं पाणी उतरवून घ्यायचं असो, प्रश्न एकच असतो: या दोन गोल भांड्यांपैकी जास्त कशात मावतं, आणि किती जास्त? वाडीच्या पाणीपुरवठा समितीत काम करताना हा हिशेब मला अनेक घरांसाठी करावा लागला. दुकानात उभं राहून नजरेने निवडलेली टाकी आणि टेप लावून निवडलेली टाकी यांत किती फरक पडतो, हे तिथे रोज दिसायचं. गणित सातवी-आठवीचं आहे. अडचण गणिताची नसते, माप कुठून कुठे घ्यायचं याची असते. म्हणून खाली मापावर जास्त लिहिलं आहे आणि सूत्रावर कमी.

सुरुवातीला एक उदाहरण पाहा, पुढे तेच वापरणार आहे. पहिली टाकी ९० सेंटिमीटर व्यासाची आणि १२० सेंटिमीटर उंच. दुसरी ११० सेंटिमीटर व्यासाची आणि फक्त ९० सेंटिमीटर उंच. शेजारी शेजारी ठेवल्या तर बहुतेक जण पहिलीकडे बोट दाखवतात, कारण आपली नजर उंचीवर जाते. प्रत्यक्षात पहिलीत ७६३ लिटर मावतं आणि दुसरीत ८५५.

रुंदी हिशेबात दोनदा येते, उंची एकदाच. व्यास दुप्पट केला तर पाणी चौपट होतं. उंची दुप्पट केली तर दुप्पटच.

काय काय जवळ हवं

साधनं: पाच मीटरचा पत्र्याचा टेप, विहिरीसाठी तीस मीटरचा कापडी किंवा फायबरचा टेप, न ताणणारी सुतळी, ओळंबा (नसेल तर दोरीला बांधलेला दगड), खडू, एक सरळ काठी किंवा वेळू, माप माहीत असलेली बादली, मोबाइल, वही आणि पेन.

कागद: टाकी विकत घेणार असाल तर दुकानदाराचं कोटेशन आणि टाकीचा मापांचा तक्ता. विहीर किंवा बांधीव टाकी असेल तर अंदाजपत्रक आणि नकाशा. त्यात लिहिलेला व्यास आतला आहे की बाहेरचा, हे पहिल्याच दिवशी विचारून पेनाने तिथेच लिहून घ्या. नंतर हा प्रश्न विचारला की प्रत्येक जण आपल्या सोयीचं उत्तर देतो.

१. आधी ठरवा, तुलना कशाची करायची आहे

एकाच टाकीचे तीन वेगळे आकडे निघतात. काठोकाठ किती मावतं हा पहिला. तोटीतून प्रत्यक्ष किती वापरता येतं हा दुसरा. बांधीव टाकी किंवा विहीर असेल तर खोदाई किती होईल हा तिसरा. एका टाकीचा पहिला आकडा आणि दुसरीचा दुसरा आकडा समोरासमोर ठेवला की निर्णय चुकतो. घरच्या टाकीसाठी दुसरा आकडाच कामाचा असतो.

गरजेचा आकडाही आधीच लिहून ठेवा. जल जीवन मिशनमध्ये गावासाठी माणशी दररोज ५५ लिटर धरतात. पाच माणसांच्या घराला दिवसाला २७५ लिटर झाले. नळाला तीन दिवसांनी पाणी येत असेल तर ८२५ लिटर साठवण लागते. वरच्या दोन टाक्यांकडे आता पुन्हा बघा. उंच टाकीत तीन दिवस भागत नाहीत, बुटकीत भागतात असं दिसतं. ते खरंच भागतात का, हे चौथ्या पायरीत पाहू.

२. माप आतून घ्या

सगळ्यात जास्त पाणी इथे हरवतं. सिमेंटच्या रिंगांची टाकी बघा. बाहेरून पाच फूट व्यास, भिंतीची जाडी तीन इंच. जाडी दोन्ही बाजूंना जाते, म्हणजे आतला व्यास साडेचार फूटच उरतो. पाचाचा वर्ग २५, साडेचाराचा २०.२५. तीन इंचांच्या भिंतीने १९ टक्के पाणी कमी केलं. वीटबांधणीच्या टाकीत भिंत आणखी जाड असते, वर गिलावा येतो. गवंड्याने 'पाच फुटी टाकी' म्हटलं की लगेच विचारा: आतून-आतून पाच फूट ना?

प्लॅस्टिकच्या टाकीची भिंत पातळ असते, त्यामुळे फरक कमी पडतो. पण तिच्या अंगावर वळ्या असतात. टेप वळीच्या उंचवट्यावर धरला की व्यास जास्त येतो, खोबणीत धरला की कमी. दोन्ही मापं घ्या आणि मधलं धरा. पत्र्याच्या पिंपालाही अशाच वळ्या असतात, तिथेही हेच करायचं.

३. व्यास काढताना घाई करू नका

व्यासाची चूक वर्गाने वाढते. उंची मोजताना दहा टक्के जास्त धरली तर उत्तर दहा टक्के जास्त येतं. व्यास दहा टक्के जास्त धरला तर उत्तर २१ टक्के फुगतं. म्हणून एकूण दहा मिनिटं असतील तर सात व्यासाला द्या.

तोंड उघडं असेल तर टेपचं एक टोक आतल्या कडेला घट्ट धरून ठेवा आणि दुसरं टोक समोरच्या कडेवर डावी-उजवीकडे सरकवा. सर्वांत मोठं येणारं माप हाच व्यास, कारण वर्तुळात व्यासापेक्षा लांब रेघ बसत नाही. मग त्याच्या काटकोनात दुसऱ्यांदा मोजा. दोन्ही मापं सारखी आली तर टाकी खरंच गोल आहे. जुन्या टाक्या आणि पिंपं दाबली जाऊन अंडाकृती झालेली असतात. तसं असेल तर घाबरायचं कारण नाही: व्यास गुणिले व्यास करण्याऐवजी लांब व्यास गुणिले आखूड व्यास करा.

टाकी बंद असेल आणि आत टेप जात नसेल तर घेर मोजा. सुतळी एक वेढा फिरवा, ती आडवी आणि सपाट राहिली पाहिजे, तिरकी झाली की माप वाढतं. टोकं जुळतात तिथे खडूने खूण करा आणि सुतळी टेपवर मोजा. घेराला ३.१४ ने भागलं की बाहेरचा व्यास मिळतो. झाकणाच्या कडेपाशी भिंतीची जाडी दिसते, ती दुप्पट करून वजा करा. घेर ३४६ सेंटिमीटर आला तर व्यास ११०.

आता इथले सापळे.

फूट-इंच दशांशात लिहिताना लोक हमखास गडबडतात. चार फूट सहा इंच म्हणजे ४.५ फूट, ४.६ नव्हे. इंचांना बाराने भागूनच दशांश लिहा. तीन इंच म्हणजे ०.२५, नऊ इंच म्हणजे ०.७५. गवंडी सुतात माप सांगतो तेव्हा आठ सुतांचा एक इंच धरायचा. हे सगळं जड वाटत असेल तर सरळ सेंटिमीटरमध्ये मोजा, मीही आता तेच करतो.

शाळेतलं सूत्र त्रिज्येचं आहे, आणि टेपने आपण व्यास मोजतो. व्यास त्रिज्येच्या जागी घातला की उत्तर बरोबर चौपट येतं. दोन्ही टाक्यांना हीच चूक केली तर तुलना तरी खरी राहते. एकीला केली आणि दुसरीला नाही, तर सगळंच बिघडतं. तसंच एका टाकीचा व्यास आणि दुसरीचा घेर असं कधी मिसळू नका.

४. उंची म्हणजे पाण्याची उंची

टाकीच्या झाकणापर्यंतची उंची तुमच्या कामाची नाही. पाणी ओव्हरफ्लोच्या भोकापर्यंतच चढतं. वरचा घुमट रिकामाच राहतो. खाली तोटीच्या भोकाखालचं पाणी बाहेर येत नाही, तिथे गाळ बसतो. म्हणून दोन मापं घ्या: तळापासून ओव्हरफ्लोच्या खालच्या कडेपर्यंत, आणि तळापासून तोटीच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत. दुसरं पहिल्यातून वजा केलं की वापराची उंची मिळते.

रुंद टाकीला इथे एक तोटा आहे आणि तो कुणी सांगत नाही. ११० सेंटिमीटर व्यासाच्या टाकीत प्रत्येक सेंटिमीटर उंचीला साडेनऊ लिटर पाणी असतं, ९० च्या टाकीत ६.३६ लिटर. तोटी तळापासून सहा सेंटिमीटरवर असेल तर उंच टाकीत ३८ लिटर अडकतं, रुंद टाकीत ५७. आपल्या उदाहरणात वापराचं पाणी उंच टाकीत ७२५ आणि रुंद टाकीत ७९८ उरलं. म्हणजे रुंद टाकीतही तीन दिवसांचे ८२५ भरत नाहीत! पण तोटी तीन सेंटिमीटरवर बसवून घेतली तर ८२७ मिळतं आणि काम होतं. टाकीला भोक पाडण्याआधी हा हिशेब केला तरच उपयोग. एकदा भोक पडलं की मग फक्त समजूत घालता येते. मात्र तोटी अगदी तळाशी टेकवू नका, गाळ नळात येतो. टाकी धुण्यासाठी वेगळी मोरी तळाला ठेवावी हे बरं.

५. तुलनेचा आकडा काढा

दोन्ही भांडी गोल आणि उभी असतील तर ३.१४ ची गरजच नाही. प्रत्येकाचं हे काढा:

व्यास × व्यास × उंची

ज्याचा आकडा मोठा, त्यात जास्त मावतं. आणि मोठ्या आकड्याला लहानाने भागलं की किती पट ते कळतं. पहिली टाकी: ९० × ९० × १२० = ९,७२,०००. दुसरी: ११० × ११० × ९० = १०,८९,०००. भागाकार १.१२, म्हणजे दुसरीत बारा टक्के जास्त. ३.१४ आणि ४ दोन्हीकडे सारखेच येतात, त्यामुळे तुलनेत ते आपोआप गळतात. एकक मात्र दोन्हीकडे एकच हवं.

दर ताडून पाहायलाही हाच आकडा पुरतो. टाकीची किंमत भागिले तिचा तुलनेचा आकडा, असं दोघींचं काढलं की कोणती स्वस्त पडते ते दिसतं. अशा वेळी टाकीवर छापलेल्या लिटरवर थांबू नका, आतली मापं घालूनच भागाकार करा.

६. लिटरमध्ये हवं असेल तर

तुलनेच्या आकड्याला खालीलपैकी एका संख्येने गुणा:

सगळी मापं मीटरमध्ये असतील तर ७८५.४
सेंटिमीटरमध्ये असतील तर ०.०००७८५४
फुटांत असतील तर २२.२४
इंचांत असतील तर ०.०१२८७

उत्तर थेट लिटरमध्ये येतं. फुटांचा २२.२४ हा पाठच करा, विहिरीपाशी उभं असताना तोच उपयोगी पडतो. तोंडी हिशेबाला २२ धरलं तरी चूक एक टक्क्याच्या आसपासच राहते.

३.१४ घ्यावं की २२/७, यावर वेळ घालवू नका. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त घेरासाठी दोन प्रमाणं दिली आहेत: सूक्ष्म हिशेबाला ३९२७/१२५०, आणि स्थूल पण व्यवहाराला चालणारं २२/७. दोहोंतला फरक हजारात अर्ध्यापेक्षाही कमी. तुमचा टेप अर्धा इंच सरकला तर त्याच्या कितीतरी पट चूक होते.

पडताळ्यासाठी बाजारातलं पत्र्याचं मोठं पिंप घ्या. त्याचा आतला व्यास सुमारे ५७ सेंटिमीटर आणि आतली उंची सुमारे ८५ असते. ५७ × ५७ × ८५ × ०.०००७८५४ केलं की साधारण २१७ लिटर येतं. लोक त्याला दोनशे लिटरचं पिंप म्हणतात, कारण वर थोडी जागा मोकळी ठेवून भरतात. तुमचं उत्तर वीस किंवा दोन हजार आलं तर दशांशचिन्ह कुठेतरी सरकलं आहे.

बादली वर रुंद आणि खाली अरुंद असते. तिच्या वरच्या आणि खालच्या व्यासाची सरासरी घ्या, घरगुती कामाला पुरते. वर ३०, खाली २२, उंची २८ सेंटिमीटर असेल तर सरासरी व्यास २६, आणि उत्तर १५ लिटरच्या अगदी जवळ येतं. हंडा, कळशी, घागर यांना मात्र ही रीत लावू नका, त्यांचं पोट मोठं आणि तोंड लहान. ती बादलीने भरूनच मोजायची.

७. विहीर: पाणी, खोदाई आणि पाझर वेगवेगळे मोजा

शेतकऱ्यांचा खरा पैसा इथे अडकतो, म्हणून इथे थोडं थांबू.

वीस फुटी विहीर आणि पंचवीस फुटी विहीर यांत लोकांना पाच फुटांचाच फरक दिसतो. वर्ग काढा: ४०० आणि ६२५. दीडपटीहून जास्त. दोन्हीत दहा फूट पाणी उभं असेल तर पहिलीत सुमारे ८९ हजार लिटर आणि दुसरीत १ लाख ३९ हजार. तेवढंच पाणी वीस फुटीत साठायचं तर पाण्याची उंची साडेपंधरा फुटांच्या वर लागेल.

पण खोदाईचं बिलही त्याच पटीने चढतं. खोदाई आणि मुरूम ब्रासवर मोजतात, एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. फुटांतल्या तुलनेच्या आकड्याला ०.७८५४ ने गुणून शंभराने भागा. तीस फूट खोल विहिरीला वीस फुटी व्यासाने ९४ ब्रास होतात, पंचवीस फुटीने १४७. बोली करताना ठेकेदाराने व्यास बाहेरून धरला की बांधकामाच्या आतून, हे लिहून घ्या. खोदाईला बाहेरचा व्यास लागतो कारण कड्याच्या बांधकामाची जागाही खोदावी लागते, आणि पाण्याला आतला. एकच व्यास दोन्हीकडे लावला की एकाचं नुकसान होणारच. निघालेला मुरूम खोदाईच्या ब्रासपेक्षा जास्त भरतो, कारण खोदल्यावर माती फुगते. त्यामुळे ट्रॉल्या मोजून खोदाईचं बिल देऊ नका, खड्डा मोजून द्या.

खोली कुणी परसात सांगितली तर ती फुटांत करून घ्या. परस माणसाच्या उंचीवरून आलेलं माप आहे आणि त्याचे फूट सगळीकडे सारखे धरत नाहीत. टेपला दगड बांधून सोडा, पाण्याला टेकल्याचं एक माप आणि तळाला टेकल्याचं दुसरं. दोहोंतला फरक म्हणजे उभं पाणी. भिजल्यावर लांबणारी दोरी या कामाला घेऊ नका.

विहीर वरपासून खालपर्यंत एकाच व्यासाची क्वचितच असते. वर मातीच्या भागात बांधकाम, खाली कातळात घेर आवळलेला. दोन वेगळे गोल समजून दोन हिशेब करा आणि बेरीज करा. कातळाचा भाग ओबडधोबड असेल तर तीन-चार वेगवेगळ्या खोलीवर व्यास घ्या, बेरीज करून तितक्यांनी भागा. 'लीलावती'च्या खातव्यवहारात खड्ड्यासाठी हीच रीत सांगितली आहे: अनेक ठिकाणी माप घ्यावं आणि सम माप काढावं.

विहिरीत मावतं किती आणि विहिरीला लागतं किती, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आपल्या काळ्या खडकाच्या मुलखात पाणी येतं ते मुरमातून आणि फुटलेल्या कातळाच्या भेगांतून. व्यास वाढवला म्हणून झरा वाढेलच असं नाही. त्यासाठी संध्याकाळी पंप बंद करताना पाण्याच्या पातळीवर खूण करा आणि सकाळी पातळी किती चढली ते पाहा. वीस फुटी विहिरीत चार फूट चढलं तर रात्रीत साडेपस्तीस हजार लिटर आले. आता शेजारच्या पंचवीस फुटी विहिरीतही तितकंच पाणी आलं असेल तर तिथे पातळी अडीच फूटच चढलेली दिसेल. पारावर लोक फूट सांगतात आणि एका विहिरीला भाग्यवान ठरवून दुसरीला नावं ठेवतात. पाझराची तुलना फुटांत कधीच करू नका, लिटर काढूनच करा. फेरखोदाईचा निर्णय त्या आकड्यावर घ्या.

८. आडवी टाकी आणि टँकर

टाकी आडवी झोपवली की एकूण पाणी तेवढंच, फक्त उंचीच्या जागी लांबी घालायची. पण काठी बुडवून किती भरली आहे ते ओळखताना मोठी गफलत होते, कारण मध्ये पोट रुंद आणि वर-खाली अरुंद. काठी पाव भिजली म्हणजे पाव टाकी भरली असं नव्हे. पूर्ण व्यासाच्या मानाने काठी किती भिजली आणि प्रत्यक्षात टाकी किती भरली, ते असं:

एक दशांश भिजली: ५ टक्के
दोन दशांश: १४ टक्के
पाव: साडेएकोणीस टक्के
तीन दशांश: २५ टक्के
चार दशांश: ३७ टक्के
निम्मी: ५० टक्के
सहा दशांश: ६३ टक्के
सात दशांश: ७५ टक्के
पाऊण: साडेऐंशी टक्के
आठ दशांश: ८६ टक्के
नऊ दशांश: ९५ टक्के

हा तक्ता वहीच्या आतल्या पानावर लिहून ठेवा. डिझेलच्या आडव्या टाकीलाही तोच चालतो.

पाण्याचे टँकर बऱ्याचदा पूर्ण गोल नसतात, लंबगोल असतात. त्यांना रुंदी × उंची × लांबी × ७८५.४ करा, मापं मीटरमध्ये. २.२ रुंद, १.५ उंच आणि ४ मीटर लांब टँकरमध्ये सुमारे १०,३७० लिटर मावतं. वरचा तक्ता लंबगोलालाही जसाच्या तसा लागू पडतो, काठी फक्त बरोबर मध्यावरून सरळ खाली सोडा आणि टँकर सपाट जागी उभा करून घ्या. आत आडव्या पत्र्याचे पडदे असतात पण ते फारशी जागा खात नाहीत. दुष्काळात टँकर गावाच्या विहिरीत ओतायच्या आधी काठी घातली, तर खेप पूर्ण की अपुरी हे तिथल्या तिथे नोंदवता येतं.

९. पाइप आणि पत्रा

पाइपलाही हाच नियम. दोन इंची दोन पाइप म्हणजे चार इंची एक पाइप नव्हे. चार इंचीचं तोंड क्षेत्रफळाने दोन इंची चार पाइपांएवढं असतं. ६३ मिलिमीटर आणि ७५ मिलिमीटर पाइपमध्ये बाराच मिलिमीटरचा फरक, पण वर्गाने ४२ टक्के. शिवाय मोठ्या व्यासाच्या पाइपात घर्षण कमी, म्हणून पाण्याचा फरक याहून जास्त पडतो. प्लॅस्टिक पाइपवर लिहिलेलं मिलिमीटरचं माप बाहेरचं असतं. जास्त दाबाचा पाइप घेतला की भिंत जाड होते आणि आतलं भोक लहान, हे दोन कोटेशनं ताडून पाहताना ध्यानात ठेवा.

धान्याची कोठी करून घेणार असाल तर आठ बाय चारच्या पत्र्याने दोन प्रकारे गोल होतो. आठ फुटांचा घेर आणि चार फूट उंची केली तर सुमारे ५७७ लिटर मावतं, म्हणजे साडेचार क्विंटलच्या आसपास गहू. चार फुटांचा घेर आणि आठ फूट उंची केली तर त्याच्या बरोबर निम्मं. पत्रा तोच. पटत नसेल तर एक कागद आधी आडवा आणि मग उभा गुंडाळा आणि दोन्हींत ज्वारी ओतून बघा. बुटक्या कोठीला तळ आणि झाकणाचा पत्रा जास्त लागतो, जोडाला इंचभर घेर जातो, तेवढं दरात धरा.

१०. जागा आणि वजन बघा

जास्त मावणारी टाकी नेहमीच योग्य असं नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. आपल्या रुंद टाकीचं नुसतं पाणी ८५५ किलोचं. मात्र ती उंच टाकीपेक्षा स्लॅबवर भार पसरून टाकते: रुंद टाकीत चौरस मीटरला ९०० किलो, उंच टाकीत १२००. रुंद टाकीखाली बैठक मात्र पूर्ण सपाट आणि टाकीच्या तळाएवढी हवी. प्लॅस्टिकची टाकी चार विटांवर ठेवू नका, तळ फाटतो. जुन्या घराच्या स्लॅबवर ठेवणार असाल तर आधी इंजिनीअरला दाखवा. जिन्यातून टाकी वर जाईल का, हेही मोजून घ्या. रुंद टाकी दारात अडते.

नळाचा दाब टाकीत किती लिटर आहेत यावर ठरत नाही, पाण्याची पातळी नळापासून किती उंच आहे यावर ठरतो. दाब हवा असेल तर रुंद टाकी उंच बैठकीवर ठेवा.

११. पैसे देण्याआधी बादलीचा पडताळा

टाकी बसली की नळाखाली मोजलेली बादली धरा. पंधरा लिटरची बादली वीस सेकंदांत भरली तर मिनिटाला ४५ लिटर येतात. आता रिकाम्या टाकीत पाणी सोडा आणि ओव्हरफ्लो सुरू होईपर्यंतचा वेळ बघा. ८५५ लिटरच्या टाकीला १९ मिनिटं लागली पाहिजेत. नळाची धार मध्येच कमी-जास्त होत असेल तर भरतानाही एक-दोनदा बादली धरून बघा आणि सरासरी घ्या. हिशेब आणि घड्याळ यांत पाच-सात टक्क्यांचा फरक चालेल. वीस टक्क्यांचा आला तर आधी व्यास पुन्हा मोजा, बाहेरचं माप घेतलं गेलं का ते तपासा, आणि मग विक्रेत्याशी किंवा ठेकेदाराशी बोला. बोलताना वहीतली मापं समोर ठेवा.

बांधीव टाकीच्या आणि विहिरीच्या बिलावर सही करण्याआधी त्यावर चार गोष्टी शब्दांत लिहून घ्या: आतला व्यास, भिंतीची जाडी, तळापासून ओव्हरफ्लोपर्यंतची उंची, आणि मोजणी कुणासमोर कोणत्या तारखेला झाली. विहिरीत पाणी भरलं की खालचा घेर पुन्हा मोजता येत नाही, म्हणून ही मोजणी खोदाई पूर्ण झाल्यावर आणि पाऊस लागण्याआधी करून घ्या.